सासूबाईंची फुंकर

त्या रविवारी दुपारी पासिर रिसच्या आमच्या कम्युनिटी क्लबमध्ये मंगोलियन वादकांचा कार्यक्रम होता. नवरा सेम्बावांगला बोटीच्या दुरुस्तीच्या कामावर गेला होता. नाशिकहून इथे परदेशात आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई फ्लॅटमध्ये बसून कंटाळल्या होत्या, म्हणून मी त्यांना घेऊन गेले.

मी कॉलेजात असताना थोडी बासरी शिकले आहे. फार येत नाही, पण वाजवणारा श्वास कुठे घेईल एवढं कळतं.

पन्नाशीची एक बाई लांब निळा अंगरखा घालून समोर आली. तिच्या हातात 'लिंबे' नावाचं त्यांच्याकडचं वाद्य होतं. आपल्या बासरीसारखीच आडवी धरायची, बांबूची बासरी. तिने सूर लावला आणि मी सवयीने तिच्या श्वासाची वाट पाहू लागले. तो आलाच नाही. सूर वर गेला, थरथरला, खाली आला, पुन्हा चढला, पण कुठे तुटला नाही. मला वाटलं, मागे रेकॉर्ड लावली असणार. मी स्पीकरकडे बघितलं, तिच्या ओठांकडे बघितलं. शेवटी माझ्याच छातीत कळ आली, तेव्हा कळलं की मी श्वास धरून बसले होते. अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

सासूबाईंना काही सांगावं म्हणून वळले, तर त्या तिच्या गालांकडे एकटक बघत होत्या.

"नाकाने घेतेय ती," त्या हळूच म्हणाल्या. "गालात साठवलेली हवा सोडायची, तेवढ्यात नाकाने नवी घ्यायची."

"तुम्हाला कसं माहीत, आई?"

"मला येतं ते."

टीव्हीवरचा कुठलातरी प्राणायाम असेल असं समजून मी पुन्हा समोर बघू लागले.

कार्यक्रम संपल्यावर त्या बाईने टेबलावर पाण्याचे ग्लास आणि स्ट्रॉ मांडले. पाण्यात फुंकायचं, बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. कुणालाच जमेना. माझ्या तर नाकात पाणी गेलं. सासूबाईंनी पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि खुर्चीवर बसल्या. बुडबुडे सुरू झाले ते थांबेचनात. बाजूची माणसं बघायला जवळ आली. ती वादक टेबलाला वळसा घालून आली आणि तिने सासूबाईंच्या गालाला हळूच बोट लावून पाहिलं. सोबतच्या दुभाषी मुलीने इंग्रजीत विचारलं, "यांना कुणी शिकवलं?"

मी मराठीत विचारलं.

"वडिलांनी," सासूबाई म्हणाल्या. "सोनार होते ना ते."

मी ते सांगितलं तशी ती वादक खालीच बसली. त्यांच्याकडे म्हणे जुनी माणसं सांगतात की हा श्वास आधी धातू घडवणाऱ्यांचा. ज्योत विझू नये म्हणून ते असे फुंकायचे, आणि त्यांच्याकडून तो बासरीत आला. "आजवर नुसतं ऐकलं होतं," ती म्हणाली आणि तिने सासूबाईंचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.

सासूबाईंचे वडील सोनार होते हे मला माहीत होतं. पुढचं त्यांनी घरी परतताना, आमच्या इमारतीखालच्या बाकावर बसून सांगितलं.

वडिलांना दमा होता. डाख लावताना, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडताना, दिव्याची ज्योत फुंकणीने एकसारखी दागिन्यावर धरावी लागते. ती हलली तर बारीक काम वितळून जातं. त्यांना ते झेपेना, तेव्हा त्यांनी मुलीला शिकवलं. शाळा सुटली की दुकानाची फळी अर्धी लावायची आणि तिने फुंकायचं. पोरीच्या तोंडची हवा आपल्या मंगळसूत्राला लागली हे गिऱ्हाइकांना चाललं नसतं, म्हणून कुठे बोलायचं नाही.

"माझं लग्न झालं आणि वर्षभरात दुकान बंद पडलं," त्या म्हणाल्या. "लोक म्हणाले, मुलगी सासरी गेल्याचा धसका घेतला. तसं नव्हतं. फुंकायला कोणी उरलं नाही."

इतकी वर्षं मी या बाईला चहात साखर किती लागते ते जाणते, आणि एक अख्खं दुकान हिच्या श्वासावर चाललं होतं हे आज कळत होतं.

संध्याकाळी नवरा आला. त्याला सांगितलं तेव्हा तो बूट काढता काढता थांबला.

"पण आई, आजोबांची नजर गेली म्हणून दुकान बंद झालं ना?"

"तुला तसं सांगितलं होतं."

"आणि बाबांना?"

"त्यांनाही तसंच." मग गालावर हात ठेवून म्हणाल्या, "मला जरा कोमट पाणी द्या. फार दिवसांनी फुंकलं, गाल दुखतायत."

मीठ घालून पाणी दिलं. गुळण्या करून त्या आत जाऊन पडल्या. तो जेवायला बसला, पण ताटाला हात लावेना. "मी रोज इंजिनं उघडून बघतो," तो म्हणाला, "आणि आईला कधी काही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने रजा घेतली आणि आईला समुद्राकडे फिरायला घेऊन गेला. परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी दार उघडलं तरी सासूबाई बोलतच होत्या, आणि तो चपला हातात धरून ऐकत उभा होता.