घोडीचं नाव

मुलगी मला मेलबर्नपासून दूरचं एक छोटं गाव दाखवायला घेऊन गेली. तिथल्या संग्रहालयात एका फेटेवाल्याचा घोडागाडीसकट जुना फोटो होता. खाली लिहिलेलं, 'भारतीय फेरीवाला आणि त्याची घोडी डेझी.'

"आणि याचं नाव?" मी विचारलं.

"सगळे चार्लीच म्हणायचे," तिथल्या बाई हसून म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. जन्मभर ज्यांच्या दारात याने सुईदोरा पोचवला, त्यांनी घोडीचं नाव जपलं आणि याला भलतंच एक चिकटवलं! म्हणे गावाचा इतिहास! माणसाला नाव विचारायला असा कितीसा वेळ लागतो? अभिप्रायाच्या वहीत खरमरीत लिहूनच मी बाहेर पडले.

गाडीत मुलगी म्हणाली, "आई, माझ्या लहानपणापासून आपल्याकडे येणाऱ्या भाजीवाल्या काकांचं नाव काय गं?"

"समोर बघून गाडी चालव," मी खेकसले.