लाल खटका

कितेरियाचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. रात्रीचं उरलेलं, मक्याच्या रव्याचं वाफवलेलं कुसकुस काळ्या कॉफीबरोबर गिळायचं आणि चालत आमच्या रेसिफे शहराच्या मासळीबाजारात. बोटी लागल्या की हातात सुरा. माशाचं डोकं एका घावात तुटलं पाहिजे, दुसरा घाव म्हणजे फुकट गेलेली ताकद, असं ती म्हणायची. दुपारी परतायची तेव्हा कोपरापर्यंत रक्त वाळलेलं असायचं. मी बंदरावर साखरेची पोती वाहिली आहेत. काम कोण करतो आणि कोण नुसता घामाघूम होतो, हे मला लांबून कळतं. ती काम करायची.

तिच्या वरच्या जबड्यात एकही दात उरला नव्हता. कवळी करायची म्हणून ती मजुरीतून थोडं थोडं बाजूला टाकत होती.

तिची मुलगी लिंडालवा आणि जावई जेनिवाल माझ्या शेजारी राहायचे. मध्ये एका विटेची भिंत. जेनिवाल तसा वाईट नाही, असं गल्लीत म्हणायचे. म्हणणाऱ्यांच्या घराला ती भिंत नव्हती.

दोन वर्षं साओ पाउलोत बांधकामावर राबून तो परतला, तेव्हा घोंगडीत गुंडाळलेला जुना संगणक बसमध्ये मांडीवर घेऊन आला. लिंडालवा लग्नाच्या पत्रिका छापून घरबसल्या कमावणार, असं ठरलं होतं. त्या संध्याकाळी त्याने दार सताड उघडं ठेवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. समोरची म्हातारी ओरडली की बाबा, तिकडची वस्तू आहे, आधी विचारून लाव. तो म्हणाला, आजी, मी साओ पाउलोत राहून आलोय. त्याने पिन खोचली आणि बटण दाबलं. फटाका फुटावा तसा आवाज झाला, मागून धूर निघाला, पडदा काळाच राहिला. गल्ली हसली.

त्याने दार लावून घेतलं.

पहिली लाथ संगणकाच्या डब्याला बसली, दुसरी लिंडालवाला. तिची इस्त्री विजेच्या त्याच बोर्डाला लावलेली होती. इस्त्रीनेच यंत्र जाळलं, हे तो एकेका फटक्याबरोबर सांगत होता. तिचं डोकं भिंतीवर आदळलं तेव्हा माझ्याकडची खिळ्यावरची कढई खाली पडली. मी खांदा लावून दाराची कडी मोडली, तोवर तो मागच्या दाराने दारूच्या टपरीकडे गेला होता. लिंडालवा जमिनीवर बसली होती. मुठीत पुढचे दोन दात.

"काका," ती म्हणाली, "इस्त्री मीच लावली होती."

दुसऱ्या दिवशी कितेरिया बाजारातून थेट आली, रक्ताळलेल्या एप्रनसकट. मुलीचं तोंड तिने उजेडात धरून बघितलं. लिंडालवाने पुन्हा तेच सांगितलं. चूक तिची होती, लोकांचे कपडे धुऊन ती यंत्राचे पैसे भरून देणार होती, तोवर तो मारेल तर मारू दे. दात बघून कितेरियाचा चेहरा हलला नव्हता, तो हे ऐकून हलला. मला बाजूला घेऊन ती म्हणाली की हे हिच्या डोक्यात राहिलं तर ही इथेच मरेल.

मग ती कामाला लागली. बाजारातली बर्फाची पेटी बंद पडली की ती ज्या क्रमाने जायची, त्याच क्रमाने. आधी बोर्ड. पंखा लावला, फिरला. मग त्याच बोर्डावर पंखा आणि इस्त्री दोन्ही, कालच्यासारखी. इस्त्री तापली, पंखा फिरत राहिला. तिने लिंडालवाचा हात धरून इस्त्रीजवळ नेला. "ऊब लागते का? मग काल या इस्त्रीने काय जाळलं?"

लिंडालवाने हात मागे घेतला.

मग वायर. संगणकाची वायर तिने टपरीच्या मालकाच्या संगणकाला लावून आणली. चांगली होती. परत आल्यावर वायर न जोडताच सुऱ्याच्या टोकाने डब्याचे स्क्रू काढले. आत करपल्याचा वास. जिथे वीज आत शिरते ती वजनदार पत्र्याची पेटी काजळली होती. बाकी सगळं स्वच्छ. पेटी सोडवून तिने टेबलावर ठेवली, मागची बाजू पुसली. लहानसा लाल खटका, त्यावर ११५.

आमच्याकडची वीज साओ पाउलोच्या जवळजवळ दुप्पट जोराची. तिकडून आणलेला मिक्सर नाहीतर रेडिओ गल्लीत प्रत्येक घराने एकदा तरी जाळला आहे. ११५ म्हणजे तिकडची वीज; इकडे लावताना हा खटका नखाने २३० वर सरकवायचा असतो. एवढंच काम होतं.

लिंडालवा त्या आकड्याकडे बघत राहिली. तेवढ्यात जेनिवाल आला.

"बाजारातले मासे संपले का, सासूबाई? आता माझ्या यंत्राची आतडी काढताय?"

"खटका तू सरकवला नाहीस," लिंडालवा म्हणाली. फुटलेल्या तोंडामुळे शब्द नीट निघत नव्हते, पण ती उभी होती.

त्याने वाकून बघितलं. त्याला कळलं, हे मला दिसलं. मग त्याने तिच्या त्याच गालावर मारलं. कितेरिया मध्ये पडली, तर तिचा गळा धरून त्याने तिला भिंतीला चेपलं. सुरा खाली पडला. मी त्याला मागून कवेत धरलं, पण पंचविशीच्या माणसापुढे म्हाताऱ्या पाठीचं किती चालणार. बोटं सुटेनात. कितेरियाच्या तोंडातून आवाज येईनासा झाला.

लिंडालवाने टेबलावरची जळकी पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या मनगटावर घातली. एकच घाव. बंदरावर पोत्यांच्या थप्पीखाली एकाचा हात सापडला होता, तेव्हा ऐकला होता तोच आवाज.

तो गुडघ्यांवर बसला. म्हणाला, डॉक्टरकडे ने. तिने दार उघडून दिलं. "चालत जा. पाय मोडलेले नाहीत."

मोडलेला हात छातीशी धरून तो गेला. त्याच आठवड्यात साओ पाउलोची बस धरली असं ऐकलं. सोबत कोणतंही यंत्र नव्हतं.

कितेरियाच्या गळ्यावर बोटांचे वळ महिनाभर होते. दुसऱ्या पहाटे मात्र ती बाजारात वेळेवर होती. कवळीसाठी ठेवलेली मजुरी तिने बाहेर काढली. त्यातून संगणकासाठी तशीच एक जुनी, पण चालू पेटी आली. कितेरियाने ती बसवली आणि खटका लिंडालवाला सरकवायला लावला. पडदा उजळला. उरलेल्यातून लिंडालवाचे पुढचे दोन दात बसले.

कितेरिया कुसकुस हिरड्यांनीच खात राहिली.