झाकलेली रास

माझी झुंबरआत्या तळेघरच्या वर, डोंगराच्या कडेला राहते. एसटी दिवसातून दोनदा येते, आली तर. पुढे अर्धा तास पायपीट. आत्या सत्तरीला टेकलीय, पण डोंगर चढताना तिला गाठायला मला पळावं लागतं. आणि तोंड! गोड बोलली तर समजायचं, बाईची तब्येत बरी नाही.

तिच्या तीन भातखाचरांपैकी दोनांत काळभात पिकतो. टरफल काळं, तांदूळ पांढरा, शिजला की वास शेजारच्या घरापर्यंत. बी सासूकडून आलेलं. बाकी गावानं तो कधीच सोडून दिला, कारण उतारा कमी आणि वारा सुटला की भात लोळतो. आत्या मात्र दरसाल बी निवडून, राख मिसळून मडक्यात भरून ठेवते.

दिवाळीत तिचा मुलगा कुंडलिक वैतागला. तो हंगामाला पारगावच्या साखर कारखान्यावर जातो, मार्चमध्ये गाळप संपून पट्टा पडला की परत येऊन ही खाचरं बघतो. म्हणाला, "आये, हा तांदूळ कुणी घेतंय का? कारखान्याचा पट्टा पडंस्तवर इकला तर ठीक. न्हाईतर येत्या पावसाळ्याला दोनी खाचरांत संकरित." वाईट काही बोलला नाही तो, राबायचं त्यालाच असतं. पण भाताचं बी दोन वर्षं पेरलं नाही की मेलंच म्हणायचं, आणि हे बी मागायला दुसरं घर उरलेलं नाही. आत्या बियाण्याचं मडकं पदरानं पुसत बसली.

माझं घोडेगावला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी छाती ठोकून म्हणालो, "आत्या, वेबसाइट काढू. पुण्या-मुंबईची माणसं सर्च करून तुझा नंबर काढतील." आणि काढली पण! आत्याचा फोटो, खाचराचा फोटो, काळभाताची माहिती, तिचा फोन नंबर. दाखवायला गेलो तेव्हा मळणी उरकली होती आणि भाताची रास खळ्यात घोंगडीखाली झाकलेली होती. पायताण काढून खळ्यात गेलो, मोबाईल पुढं धरला. आत्या भडकलीच.

"रास पुजायच्या आदी जगाला दावतो व्हय रं? झाक ते मोबाईलातलं आदी!"

आमच्याकडे रास पुजल्याशिवाय तिच्यावर परक्याची नजर पडू देत नाहीत. मापतानाही आकडा मोठ्यानं म्हणत नाहीत. तिथं वाद घालणं म्हणजे बैलाच्या शिंगावर जाणं. साइटच्या सेटिंगमध्ये एक चौकट असते, सर्च इंजिनांनी ही साइट दाखवू नये अशी. तिच्यावर मी खूण केली. "घे, झाकली," म्हणालो. चार दिवसांनी नारळ फुटला, रास पुजली, घोंगडी निघाली. खूण तशीच राहिली आणि मी तिला साफ विसरलो.

मग सुरू झाली माझी बोंब. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, एक फोन नाही. 'काळभात' टाकून बघितलं, 'तळेघरचा तांदूळ' टाकून बघितलं, आमचं पान कुठंच नाही. मथळे बदलले, फोटोंखाली नावं लिहिली, नातेवाइकांच्या ग्रुपवर पत्ता फिरवला. पाहुणे अंगठे दाखवून मोकळे. गूगलला शिव्या घातल्या, टॉवरला घातल्या, एका गरीब गिऱ्हाइकावर विनाकारण ओरडलो. शेवटी एकदा आत्यानंच विचारलं, "गोरख्या, लोकांला नगंच असंल का रं आपला तांदूळ?" तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लई वाईट वाटलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस लॅपटॉप घेऊन पुन्हा वर गेलो. कुंडलिकची बायको मोहिनीवहिनी चहा देऊन शेजारी बसली. तिला छापलेलं सगळं वाचायची सवय, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नाही. मी सेटिंगचं पान खाली-वर करत होतो, तिनं मधेच बोट ठेवलं.

"भाऊजी, ही खूण कसली? हितं तर लिवलंय, दाखवू नये."

माझे कान तापले. काय सांगू राव, खळ्यातली घोंगडी डोळ्यांपुढं आली! चुलीपाशी जाऊन म्हणालो, "आत्या, रास मी अजून झाकूनच ठेवलीय." सगळं सांगितलं. आता काही खैर नाही असं वाटलं.

तिनं फुंकणी खाली ठेवली. "म्हंजी लोकांनी बघितलंच न्हाई? नगं म्हनलं न्हाईत?"

"नाही आत्या. कुणाला दिसलंच नाही."

"मेल्या, तीन म्हैने जिवाला घोर लावलास!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी पण हसलो. छातीवरचा धोंडा उतरला.

खूण काढली, आमचं पान बघून जा अशी सर्चवाल्यांना विनंती टाकली. ते त्यांच्या सवडीनं येतात. दहा-बारा दिवस मी दुकानात रोज अगरबत्ती लावली. मग आत्याचा फोन आला. "आरं, ठान्याची कुणी प्रतिभाबाई इचारती, काळभात हाय का. सासऱ्याला पेजेला पायजेल म्हनं. फोटोतल्या बाई तुमीच का म्हनली."

"मग काय म्हणालीस?"

"मीच म्हनलं. फोटो काय धड काढला न्हाईस, पर जाऊ दे."

त्या बाईमागून आणखी फोन आले. मोहिनीवहिनी पिशव्या भरून नावं लिहायची, मी त्या पाठीवरून रस्त्यापर्यंत आणून मोटरसायकलवरून खाली न्यायचो.

मार्चमध्ये कारखान्याचं गाळप संपलं, पट्टा पडला आणि कुंडलिक घरी आला. मी मुद्दाम जाऊन बसलो होतो. तो भाताच्या कणगीत वाकला, हात घालून रिकामा तळ चाचपला. मग बाहेर येऊन पाय धुतले. भाताची रोपं जिथं करायची ती जागा पालापाचोळा रचून भाजतात, त्याला आम्ही राब म्हणतो. राब भाजायचे दिवस आलेच होते. कुंडलिक खुंटीवरचा कोयता काढत, कुणाकडं न बघता म्हणाला, "आये, काळभाताचा राब कुटं भाजायचा? औंदा तिसऱ्या खाचरातबी लावू म्हनतो."

आत्या उठली. बियाण्याच्या मडक्यावरचं फडकं सोडून आत बघत उभी राहिली.

"तीन खाचरांना किती लागेल गं?" मी विचारलं.

"मोजू नगं," ती म्हणाली. "पुरंल."