खालून येणारा चेंडू

आमचा बेसबॉलचा संघ इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या कडेला, रग्बी क्लबच्या मागच्या मैदानावर खेळतो. या संघात बेसबॉल खेळत लहानाचा मोठा झालेला एकही माणूस नाही. परिसरातल्या क्रिकेट क्लबांत रविवारच्या जागा मिळेनात, आणि कौन्सिलने आखून ठेवलेल्या बेसबॉलच्या कोपऱ्याकडे मात्र कोणी फिरकत नव्हते. तेव्हा पुण्या-मुंबई-नागपूरकडून नोकरीसाठी आलेल्या काही जणांनी ठरवले की चेंडू आणि बॅट आहे तेवढे पुरे. मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. मला संघात घेतले ते खेळण्यासाठी नव्हे. नियमपुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचलेला मी एकटाच होतो, म्हणून गुण लिहिण्याचे आणि नियम सांगण्याचे काम माझ्याकडे आले. सगळे मला सर म्हणतात.

क्रिकेटच्या सवयी अंगात किती मुरलेल्या असतात, हे पहिल्याच मोसमात दिसले. पिचरने, म्हणजे आपल्याकडच्या गोलंदाजाने, सहा चेंडू टाकले की सीमेजवळचे गृहस्थ न सांगता दुसऱ्या बाजूला चालू लागत. फलंदाज चेंडू मारल्यावर बॅट हातात घेऊनच पहिल्या बेसकडे धावत आणि क्रीजमध्ये टेकवावी तशी ती पुढे करत. बेसवर पाय पडावा लागतो, बॅट नव्हे, हे मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे समजावले. समजले सगळ्यांना. धावताना आठवत कोणालाच नसे.

सर्वांत महागात पडली ती आमच्या कर्णधाराची सवय. हा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, तिखट जिभेचा आणि मनाने सरळ. चांगला गोलंदाज मध्येच थांबवून शेवटच्या षटकांसाठी राखून ठेवायचा, हे त्याच्या रक्तात होते. बेसबॉलमध्ये बदली खेळाडू घेऊन ज्याला बाहेर बसवले, तो त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. एकदा त्याने आमच्या वेगवान पिचरला विश्रांतीसाठी बाहेर काढले आणि शेवटच्या डावात हाक मारली. पंचांनी शांतपणे मान हलवली. तो सामना आम्ही तिथेच घालवला.

तसा तो वेगवान पिचरही फारसा उपयोगाचा नव्हता. छाती आणि गुडघा यांच्या दरम्यान, फलंदाजापुढे जमिनीत बसवलेल्या प्लेटच्या वरून चेंडू गेला तर तो चांगला. चार वाईट पडले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर जातो. आमच्या पिचरचे चेंडू वेगाने सर्वत्र जात, प्लेट सोडून. गेल्या उन्हाळ्यात त्याचा खांदा दुखू लागला आणि संघात एकाच नव्या नावाची जागा उरली. कर्णधाराने एका अमेरिकन विद्यार्थ्याशी बोलणे सुरू केले होते.

माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीवर बसून गुण लिहायला मदत करणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांचे यजमान कर्णधाराच्या कार्यालयात होते. वय चाळिशीच्या पुढे, काम रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीचे. आपल्याकडे सॉफ्टबॉल हा बेसबॉलसारखाच खेळ विदर्भ-खानदेशातल्या शाळांत किती आवडीने खेळला जातो, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. वहिनी विद्यापीठाच्या संघाच्या पिचर होत्या. लग्नानंतर आधी गाव बदलले, मग देश, आणि खेळ राहून गेला. इथे आल्यावर त्यांनी दोन ठिकाणी विचारले होते. एका ठिकाणी वय विचारले गेले आणि दुसऱ्या ठिकाणाहून उत्तरच आले नाही.

वेगवान पिचरचा खांदा गेला त्या रविवारी त्यांनी कर्णधाराला सरळ विचारले, मी टाकून बघू का? तो हसला. अपमान करावा असा हेतू नव्हता, पण हसला. सॉफ्टबॉल वेगळा, त्यात चेंडू खालून टाकतात, इथे ते चालत नाही, असे त्याने सांगितले आणि वर म्हणाला की वहिनी, तुमच्या थालीपिठांवर अर्धा संघ उभा आहे, ती जागा सोडू नका.

वहिनी खुर्चीवर परत येऊन बसल्या. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "सर, चालत नाही असं पुस्तकात लिहिलंय का?"

प्रश्न योग्य होता, म्हणजे नेमका होता. मी घरी जाऊन पिचरविषयीचे प्रकरण पुन्हा वाचले. पाय कुठे असावा, थांबावे कधी, हात कधी हलवू नये, हे सगळे त्यात आहे. हात वरून यावा असे कुठेही म्हटलेले नाही. पाय पिचरच्या जागी बसवलेल्या पांढऱ्या पट्टीला टेकलेला राहिला म्हणजे झाले.

परवानगी असणे आणि उपयोग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून पुढच्या सरावाला मी त्यांना आमच्या कॅचरसमोर, म्हणजे यष्टिरक्षकासमोर, उभे केले. हा कॅचर हॅरोमध्ये जन्मलेला, हिशेब तपासनीस म्हणून काम करणारा पंचविशीतला तरुण. त्याचे मराठी घरातले आणि स्वतःच्या नियमांचे. वहिनींचा हात पूर्ण गोल फिरला आणि चेंडू मांडीजवळून सुटला. वेग वेगवान पिचरपेक्षा बराच कमी होता. परंतु इथला प्रत्येक फलंदाज वरून खाली येणाऱ्या चेंडूवर वाढलेला असतो, आणि हा चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून निघून चढत जात होता. कॅचरने पहिले दोन चेंडू ग्लोव्हच्या वरून सोडले. मग उठून म्हणाला, "वहिनी, तुमची बॉल खालून येते आणि वर बसते. मला पण नाही कळत, तर त्यांना कसा कळणार?"

हा मुद्दा मी कर्णधारापुढे फळ्यावर मांडावा तसा मांडला. चढत्या चेंडूच्या खालून बॅट फिरली की चेंडू उंच उडतो. जमिनीवरून येणारा चेंडू त्या मोठ्या ग्लोव्हने उचलून फेकणे आपल्या लोकांना अजून जमत नाही. त्यात आपण प्रत्येक सामना हरतो. उंच झेल मात्र आपल्यातला प्रत्येक जण लहानपणापासून घेत आला आहे. तेव्हा आपल्याला वेगवान पिचर नको आहे. आपल्याला झेल उडवून देणारा पिचर हवा आहे.

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला की सर, गणित बरोबर आहे, पण फलंदाज तुमच्या वर्गात बसलेला नसतो. तरीही त्याने एक सामना द्यायचे कबूल केले. वहिनींसमोरच त्याने अट सांगितली: टिकल्या तर उरलेली जागा त्यांची, नाहीतर सोमवारी तो त्या विद्यार्थ्याला होकार कळवणार. वहिनींनी नुसती मान डोलावली आणि सरावाचे चेंडू गोळा करायला गेल्या.

सामना रेडिंगच्या बाजूच्या संघाशी होता. सात डावांचा. पहिल्या डावात जे झाले ते मी लपवणार नाही. बेसबॉलचा चेंडू सॉफ्टबॉलपेक्षा लहान असतो आणि पिचरपासून प्लेटपर्यंतचे अंतर जास्त असते. वहिनींची बोटे जुन्या मापाची सवय धरून होती. दोन फलंदाज चार-चार वाईट चेंडूंवर फुकट गेले, तिसऱ्याने चेंडू दूर मारला, आणि सुरुवातीलाच तीन धावा गेल्या. समोरच्या बाकावरून कोणीतरी सौम्य इंग्रजीत विचारले की या बाई कोणाच्या आई आहेत.

कर्णधार पिचर उभा राहतो त्या मधल्या उंचवट्याकडे निघाला. नियम सांगण्याचे काम माझे असल्याने मीही गेलो. कॅचर मुखवटा वर करून तिथेच उभा होता. कर्णधाराचा स्वर मऊ होता, आणि मला भीती त्याचीच वाटली.

"वहिनी, दमला असाल. थोडा आराम करा. शेवटी लागलंच तर परत आणू."

परत आणता येणार नाही, असे मी म्हणालो. आता बाहेर बसवले तर त्या आजच्या दिवसापुरत्या संपल्या.

"माहीत आहे, सर," तो म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते की त्या क्षणी ते त्याला माहीत नव्हते.

वहिनी चेंडू हातात फिरवत होत्या. त्यांनी मान वर केली. "मला दमायला अजून वेळ आहे. वाईट टाकतेय म्हणून काढायचं असेल तर तसं सांगा, मी जाते. पण आरामाला म्हणून पाठवू नका. चेंडू लहान आहे, मी तो तळव्यात धरत होते. आता बोटांवर घेतलाय. काय करायचं ते ठरवा."

मी शाळेत अनेक वर्षे परीक्षा घेत आलो आहे. विद्यार्थ्याला आपली चूक कुठे झाली ते सांगता येत असेल, तर पुढचे उदाहरण त्याला सुटते, असा माझा अनुभव आहे. परंतु निर्णय माझा नव्हता. क्रिकेटमध्ये कर्णधार एक षटक देऊन पाहतो, काढतो, पुन्हा देतो. विश्वास तिथे सुट्या नाण्यांत देता येतो. इथे त्याला तो सगळाच्या सगळा द्यावा लागणार होता, किंवा मुळीच नाही.

त्याने कॅचरकडे पाहिले. कॅचर म्हणाला, "मी बॉल बघितला ना, आत्ताचा शेवटचा. चांगली होती."

"टाका मग," कर्णधार म्हणाला आणि आपल्या जागेवर परत गेला. जाताना एकदाही वळला नाही.

त्यानंतरचे वर्णन थोडक्यात करता येते, कारण तेच ते होत राहिले. हात फिरे, चेंडू खालून चढत जाई, बॅट त्याच्या खालून जाई, आणि चेंडू उंच उडून कोणाच्या तरी डोक्यावर येई. आमचे लोक माना वर करून, एकमेकांना माझा, माझा असे सांगत, ज्या सहजतेने झेल घेऊ लागले ती सहजता मी त्यांच्यात त्या मैदानावर कधी पाहिली नव्हती. एकाने ग्लोव्ह टाकून उघड्या हातांनी झेल घेतला आणि नंतर बराच वेळ हात झटकत राहिला. तिसऱ्या डावात वहिनींचा सहावा चेंडू पडताच सीमेवरचे गृहस्थ सवयीने दुसऱ्या बाजूला चालू लागले. वहिनींनी पुढचा चेंडू थांबवून त्यांना हाताने जागेवर परत पाठवले. पहिल्या डावानंतर समोरच्या संघाला आणखी फक्त एक धाव मिळाली. आई कोणाची, हे पुन्हा कोणी विचारले नाही.

आमच्याही तीन धावा झाल्या होत्या. शेवटच्या डावात एक बरोबरीसाठी हवी होती. आमचे दोन गडी बाद, एक तिसऱ्या बेसवर, आणि फलंदाजीला स्वतः कर्णधार. त्याने चेंडू जमिनीवरून जोरात मारला आणि धावला. मारून झाल्यावर बॅट टाकायची असते. ती त्याच्या हातातच होती. पहिल्या बेसपाशी त्याने ती पुढे केली आणि टोक बेसवर टेकवले. चेंडू आला तेव्हा त्याचा पाय अजून दोन हात मागे होता. पंचांनी त्याला बाद दिले, आणि तिसऱ्या बेसवरून आलेली धाव त्याबरोबर रद्द झाली. आम्ही एका धावेने हरलो. बॅट अजून बेसवर टेकलेलीच होती आणि तो तिच्याकडे पाहत होता.

आम्ही सामान आवरायला लागलो. वहिनी ग्लोव्हज पिशवीत भरत होत्या. ती पिशवी घेऊन त्या कर्णधाराच्या गाडीपाशी गेल्या आणि डिकीत ठेवली. तिथून हलल्या मात्र नाहीत.

"दमला असाल," त्या म्हणाल्या. "थोडा आराम करा. शेवटी लागलंच तर परत आणू."

कॅचर आधी हसला. मग कर्णधारही हसला, डिकीच्या कडेवर बसून, डोळे पुसावे लागेपर्यंत.

"मग?" वहिनींनी विचारले. या वेळी त्या हसत नव्हत्या.

तोही थांबला. खिशातून फोन काढला आणि त्या विद्यार्थ्याला तिथेच, आमच्यासमोर फोन लावला. आमच्याकडची जागा भरली आहे, असे त्याने त्याला सांगितले. माफी मागितली, शुभेच्छा दिल्या, फोन ठेवला. मग वहिनींना म्हणाला, "रविवारी दहाला या. थालीपिठं आणली नाहीत तरी चालेल."

"आणेन," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांत आधी पिचर खाणार."

त्यांची खुर्ची आता त्यांच्या यजमानांकडे आली आहे. ते माझ्या शेजारी बसतात, चेंडूगणिक खूण करतात, अक्षर सुवाच्य आहे. फक्त दर सहा चेंडूंनंतर ते एक उभी रेघ ओढतात. मी त्यांना दोनदा समजावले. दोन्ही वेळा त्यांनी मन लावून ऐकले, पटल्याचे सांगितले आणि समोर वहिनींचा हात फिरू लागताच मोजायला लागले. गेल्या रविवारी सहावा चेंडू उंच उडाला, झेल घेतला गेला, आणि त्यांनी न बघता रेघ ओढली. मी खोडरबर उचलले होते. ते पुन्हा खाली ठेवले.