वाळुंजाचं कुंपण

पाटलाला मी अजून माफ केलेलं नाही. तो मरून जमाना झाला, मीही आता काठी टेकत चालते. पण त्याचा विषय निघाला की माझ्या तोंडाची चव जाते.

आमचं गाव उमापूरच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला. काठालगत देवीचं रान होतं, वाळुंजाच्या झाडांची एक लांबट पट्टी. असं जुनं रान आसपास दुसरीकडे कुठं उरलं नव्हतं. वाळुंजाच्या मुळ्या पाण्यात उतरलेल्या असत आणि त्यांच्या आड पाणमांजरं राहत. सकाळी धुण्याला गेलं की त्यांची पिल्लं एकमेकांचा मासा पळवताना दिसायची. मी हातातलं धुणं विसरून बघत बसायची.

माझे वडील त्या देवीचे पुजारी. रीत अशी होती की घटस्थापनेला वाळुंजाला सवाष्णीनं एकदा कुंकू लावलं की त्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही आणि नऊ पावलांच्या आत नांगर न्यायचा नाही. झाड वाळलंच तर पहिला घाव पुजाऱ्यानं घालायचा. तो पडला की मग कुणालाही मोकळीक.

पाटलानं नेमकी तीच रीत धरली. कोळशाच्या गुत्तेदाराला, म्हणजे ठेकेदाराला, लाकूड हवं होतं आणि पाटलाला काठाची गाळाची जमीन. जागेचा कागद, तेव्हाच्या सरकारी उर्दूतला, पाटलाच्या नावचा; देवीचं नाव त्यात कुठंच नव्हतं. वडील नाही म्हणाले. तेव्हा पाटलाच्या दोन गड्यांनी त्यांचे हात कुऱ्हाडीच्या दांड्यावर दाबून धरले आणि सगळ्यांदेखत त्यांना झाडाझाडावर घाव घालायला लावले. गाव बघत उभं राहिलं. गावालाही मी माफ केलेलं नाही. आठवड्यात रान साफ झालं. पाणमांजरं दोन दिवस उघड्या काठावर सैरभैर फिरली, मग दिसली नाहीत.

वडिलांनी त्यानंतर देवीपुढं हात जोडले नाहीत. "बाटले हे हात," म्हणाले, आणि पुजारीपण माझ्याकडे दिलं. मी त्यांची एकुलती एक लेक, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. देवीला माझं कुंकू चालत नव्हतं. माझी कुऱ्हाड मात्र चालत होती.

पाटील मोठा चिकट. साफ केलेल्या जागेत त्यानं वांगी लावायला घेतली. ढोरं शिरू नयेत म्हणून कुंपण हवं होतं, तर गुत्तेदारानं टाकून दिलेल्या वाळुंजाच्या हिरव्या फांद्याच रोवायचं त्यानं ठरवलं. रोवायला बाया हव्या होत्या. मी आपण होऊन गेले.

पाटील हसला. "आलीस का ताळ्यावर?"

"आले जी," मी म्हणाले.

वाळुंजाची ओली फांदी ओल्या मातीत खोचली की मूळ धरते, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाटलाला ते ठाऊक नव्हतं, कारण जन्मात त्यानं झाड फक्त पाडलेलं. मी बायांना सांगितलं, जाड बाजू खाली आणि हातभर खोल. "ढोरं लई माजलीत, मधूनबी रांगा घालू," म्हणत वाफ्यांच्या मधेही फांद्या रोवल्या. पाटील मान डोलावत उभा होता. उन्हाळाभर वांग्यांना पाणी देताना मी कुंपणालाही पाजत राहिले. फांद्यांना पालवी फुटली तेव्हा हिरवं कुंपण आयतं मिळालं म्हणून तो चावडीवर मिरवला. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

घटस्थापनेला पाटील नारायणगडाला गेला होता. मी कुंकवाचं ताट घेऊन पाटलीणबाईंकडे गेले. "माझ्या हाताला कुंकू न्हाई. तुमीच लावा, मान तुमचा हाय." बाई देवभोळी. तिनं हौसेनं एकेका वाळुंजाला हळदकुंकू लावलं. पाटील परतला तेव्हा एकही झाड कोरं राहिलं नव्हतं, आणि कुठूनही नऊ पावलं मोजा, एकही वाफा सुटत नव्हता.

तो आमच्या दारात आला. "पोरी, येक घाव घाल. बाकीचं मी बघतो."

"का म्हून? माझे हात धरायला गडी न्हाई आणले?"

त्याचा चेहरा उतरला, पण बोलली ती त्याच्या मागं येऊन उभी राहिलेली पाटलीणबाई. "त्येच्यावर माझं कुंकू हाय. तोडलंत तर तुमच्याच जिवावर यील." जमीन सोडायची की जीव, एवढाच प्रश्न पाटलापुढं उरला होता. त्यानं जमीन सोडली.

ज्याच्या जागेत झाडाला कुंकू लागतं, त्यानंच पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपल्या हातानं त्याला पाणी घालायचं, हीसुद्धा रीतच. उन्हाळ्यात पाटील नदीतून घागरी वाहायचा. ते बघायला मी रोज वडिलांना हाताला धरून काठावर आणून बसवायची. "पुरे कर आता," वडील एकदा म्हणाले. मी केलं नाही.

झाडं डोक्यावर गेली. म्हातारपणी पाटील एकदा तिथंच सावलीत बसलेला भेटला. "पोरी, आता तरी तुझं मन भरलं का?"

"पाणमांजरं आणून द्या," मी म्हणाले. "मग सांगते."