कोरेसरांच्या रिकाम्या बरण्या

प्रा. महालिंग कोरे यांची नि माझी पहिली भेट शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी झाली. मी प्राणिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. सर अंगणात बसून बादलीत मीठ ढवळत होते. बादलीत कोकणातून आणलेला खेकडा होता. "मीठ घातलं म्हणजे समुद्र होत नाही की हो," ते म्हणाले. संध्याकाळी खेकडा मेला आणि सर जेवले नाहीत. मला ते जरा अतीच वाटले.

सोलापूरच्या मुलांनी समुद्र पाहिलाच पाहिजे, हा सरांचा हट्ट. दरवर्षी एस.टी.ने ते वर्ग घेऊन कोकणातल्या एका छोट्या खडकाळ किनाऱ्यावर जात. ओहोटीला खडक उघडे पडले की समुद्रफुले, तारामासे, कालवे गोळा करायची आणि फॉर्मॅलिनच्या बरण्यांत भरायची, हा सगळ्याच कॉलेजांचा रिवाज होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एका सहलीत ते खडक बोडके दिसले. खडकांवरचे जीव गेले, तसे त्यांवर जगणारे खेकडे कमी झाले आणि खेकड्यांमागे येणारे पक्षीही पलीकडच्या चिखलाकडे निघून गेले होते. सरांनी तिथेच सांगितले, "आता बघायचं, चित्र काढायचं आणि सोडून द्यायचं."

त्या सहलीत करमाळ्याकडची सुलोचना होती. तिला वडील सोडत नव्हते. "तितं कोन हाय तिचं?" असा त्यांचा सवाल. सर स्वतः त्यांच्या घरी गेले. "माझी बायको येती की संगट," म्हणाले. आणि खरेच, काकू सहलभर मुलींबरोबर राहिल्या.

नेमकी त्याच वर्षी विद्यापीठाची समिती पदवीच्या वर्गाची मान्यता तपासायला येणार होती. मान्यता गेली तर वर्ग बंद आणि मुलांना पुण्याला जाणे भाग. बहुतेकांच्या घरी ते झेपणारे नव्हते. प्राचार्य वैतागले. "समुद्रातला नवा नमुना एकही नाही, आणि हा एवढा नमुना मात्र माझ्या वाट्याला," असे ते स्टाफरूममध्ये म्हणाले. सर हसले, पण त्या वर्षीच्या बरण्या रिकाम्याच राहिल्या.

त्या बरण्या पाहून समितीने मुलांनाच विचारले, समुद्रफुलाचा रंग कोणता? सुलोचना उभी राहिली. "हिरवट हाय, कडंला जांभळं. हात लावला की मिटतंय, गप बसलं की परत फुलतंय." एक परीक्षक हळूच म्हणाले, "बाकी सगळीकडं पोरं पांढरा सांगतात." फॉर्मॅलिनमध्ये रंग उडतो, हे त्यांनाही ठाऊक होतेच.

मान्यता मिळाली. मात्र अहवालात 'संग्रह अपुरा' असा शेरा पडला आणि त्यापायी सरांचे विभागप्रमुखपद हुकले. ते मला मिळाले; तोवर मी व्याख्याता झालो होतो. पहिले अभिनंदन सरांनी केले. पेढेही त्यांच्याच घरून आले. त्यांच्याविषयी मला केवढा आदर आहे, हे तोंडावर सांगणे आजवर जमले नाही, म्हणून या गौरव अंकात लिहितो.

आता सर साठ वर्षांचे होत आहेत. गौरव समितीने भेट काय हवी असे विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मी रिटायर झाल्यावर बरण्या भरू नका." पुढच्या वर्षी विद्यापीठाची समिती पुन्हा येते आहे. या खेपेस तिच्यापुढे मला उभे राहायचे आहे, आणि सरांइतका धीर माझ्यापाशी नाही. त्या दिवशी सर मागच्या बाकावर खणखणीत तब्येतीने बसलेले असावेत, आणि त्यापुढेही अनेक वर्षे असेच असावेत. या शुभेच्छेत माझा स्वार्थ आहे. सरांनी तो गोड मानून घ्यावा.