अक्कांच्या गाडीचा पाहुणचार

समस्त वाचकांना कळवण्यात येते की, पुढील मजकूर अत्यंत गंभीर स्वरूपाचा आहे. हसू आल्यास ते पदराआड किंवा रुमालाआड ठेवावे. मजकूर असा : साताऱ्यातल्या आमच्या मालकीणबाई अक्का यांच्या दारातून तहानलेला जीव कधी कोरड्या घशानं परत गेला नाही.

सत्तरच्या दशकात मी तिथल्या कॉलेजात नवा प्राध्यापक म्हणून लागलो आणि खोली विचारायला अक्कांच्या दारात उभा राहिलो. मी तोंड उघडण्याआधीच पुढ्यात पाण्याचा तांब्या आणि बशीत गुळाचा खडा. "आधी घसा वला करा. खोली कुठं पळून जात न्हाई." पोस्टमनला गूळ-पाणी, उसाच्या गाडीच्या बैलांना बादली, दारावर आलेल्या बोहारणीला तांब्या. नगरपालिकेचा माणूस गटारावरून तणतणत आला, तर त्यालाही तेच. "पानी घ्या, मग भांडा." गूळ चघळत ज्याला भांडता येईल असा माणूस साताऱ्यात जन्माला आला नव्हता.

अक्का उंच, नऊवारी नेसणाऱ्या, आवाज असा की स्टँडावरून निघालेली एसटी थांबावी. घरामागच्या रिकाम्या गोठ्यात त्यांचा ऐवज होता : उघड्या टपाची, दोनच माणसांची, हिरवी विलायती गाडी. महाबळेश्वरहून मायदेशी निघालेल्या कुणा साहेबाकडून त्यांच्या यजमानांनी ती घेतली होती. पुढं यजमानांची नजर अधू झाली. गडी हौशी. त्यांनी ऊस तुटलेल्या रानात बायकोला गाडी शिकवली. मग काय, कासोटा घातलेल्या अक्का गाडी हाकायच्या आणि मालक शेजारी बसून रस्त्यावरच्या लोकांचे रामराम घ्यायचे. दिसायचं काही नाही, पण हात बरोबर वर! मालक गेले आणि गाडी गोधडीखाली झोपली ती झोपलीच.

एका हिवाळ्यात खंडाळ्याहून आबा आले. आबा म्हणजे अक्कांचे थोरले दीर. थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायचं नाही ही त्या घरची रीत, त्यामुळं अक्का पदर घेऊन भिंतीकडं तोंड करून उभ्या, आबा खुर्चीत, आणि मधोमध टेलिफोन एक्स्चेंज म्हणून मी.

"मास्तर, तिला सांगा," आबा म्हणाले, "एकट्या बाईनं हितं ऱ्हायचं न्हाई. खंडाळ्याला चलायचं. घराला कुलूप घाला आन् ते हिरवं भंगार इकून टाका."

"मास्तर, भावजींना सांगा, भंगार न्हाई. गाडी हाय ती."

"तिला इचारा, गाडी असंल तर चालती का?"

"त्यास्नी सांगा, चालती. सांगलीला लेकीकडं नातवाच्या बारशाला मी हिच्यातनंच जानार हाय."

मी इमानदारीनं वाक्य पुन्हा सांगायला लागलो, तर आबा खेकसले, "ऐकलं मी! भैरा न्हाई!" मग काठी आपटून म्हणाले, "ठरलं तर. गाडी लेकीच्या दारात आपल्या पायानं आली, तर पुन्हा मी ह्यो इषय काढनार न्हाई. न्हाई आली, तर बारशावरनं थेट माझ्यासंगं खंडाळ्याला."

भिंतीकडून उत्तर आलं, "मास्तर, त्यास्नी सांगा, पानी घ्या."

दुसऱ्या दिवशी बाळू मिस्त्री हजर. फौजेच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस; गाडीसमोरही सावधान उभा राहायचा. टाकीचं झाकण उघडून त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. आतलं पेट्रोल इतकी वर्षं मुरून त्याला जुन्या वार्निशाचा वास मारत होता. "लय बेकार केस, सर. हिचा घसाच बसलाय." घसा म्हणजे कार्बोरेटर, जिथं पेट्रोल आणि हवा एक होऊन इंजिनात जातात. त्यातली बारीक भोकं चिकट राळेनं बुजली होती आणि पेट्रोल अडवणारी सुई अडकून बसली होती. मिस्त्रीनं सगळं सुटं केलं, धुतलं, तोंडानं फुंकलं, जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. हँडल मारलं आणि गाडी गरजली! गल्लीतल्या कोंबड्या कौलांवर गेल्या. अक्का आत बसल्या, गाडी कोपऱ्यापर्यंत दिमाखात गेली, तिथं दोन उचक्या दिल्या आणि गप्प.

कार्बोरेटरची वाटी उघडली, तर तळाशी पाण्याचे टपोरे मणी. "पेट्रोलात पानी!" मिस्त्री ओरडला. पुन्हा साफसफाई. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा कोपऱ्यापर्यंत, पुन्हा उचक्या, पुन्हा पाणी. मिस्त्री पेट्रोल पंपावर जाऊन भांडला. पंपवाल्यानं काचेच्या पेल्यात पेट्रोल काढून दाखवलं, लख्ख! मग कराडहून कॅन भरून आणला, तो मलमलीच्या फडक्यातून गाळून ओतला. तरी पाणी. मिस्त्रीनं आधी दवावर संशय घेतला, मग टाकीवर, आणि सगळे संशय संपल्यावर तो माझ्याकडं बघायला लागला.

बारसं तोंडावर आलं. एका संध्याकाळी मी जिन्यावरून उतरलो, तर अक्कांनी मालकांचा फोटो खाली काढला होता. काच पुसत होत्या. शेजारी उघडी ट्रंक. मला पाहून म्हणाल्या, "खंडाळ्यालाबी भिंत असंलच की." एवढ्या मोठ्या आवाजाची बाई इतकं हळू बोलू शकते हे मला तेव्हा कळलं. मग फोटो पुन्हा खिळ्याला लावला. ट्रंक मात्र उघडीच ठेवली.

बारशाच्या आदल्या सकाळी मी आणि मिस्त्री गाडीखाली उताणे पडून टाकीला कुठं भोक दिसतं का ते पाहत होतो. अक्का आल्या, आम्हाला गूळ-पाणी दिलं. आम्ही प्यायलो आणि पुन्हा खाली सरकलो. अक्कांची पावलं गाडीच्या मागच्या अंगाला गेली. झाकण कुरकुरलं. आणि आमच्या डोक्यावर, टाकीत, आवाज आला : गुड, गुड, गुड.

मिस्त्री उठायला गेला आणि कपाळ आपटलं. "आवं अक्का! काय करताय?"

"काय म्हंजे? पानी देतीया. सकाळधरनं राबतीया बिचारी. तुमास्नी दिलं, तिला नगं?"

"पेट्रोलच्या टाकीत?"

"मग? पेट्रोल म्हंजे जेवान. जेवनावर घोटभर पानी नगं?"

"कधीपासनं पाजताय?" मी विचारलं.

"मालक गेल्यापासनं. आमुशाला हळदकुकू लावायचं आन् घोटभर पाजायचं. तुमी कामाला लागल्यापासनं रोज देतीया, दमती म्हून."

मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "आन्... गूळ?"

"येडा का काय? गूळ न्हाई टाकला. मुंग्या लागत्याल!"

मिस्त्रीनं दोन्ही हात आकाशाकडं जोडले. त्या मुंग्यांच्या भीतीनं इंजिन वाचलं होतं! मग पाणी रेडिएटरला पाजतात हे त्यानं अक्कांना बोट लावून दाखवलं. अक्कांनी वाकून पाहिलं आणि फणकारल्या, "तोंड म्होरं हाय व्हय! मालकांनी चालवायचं शिकवलं, जेवू घालायचं त्येच बघायचे. मला कोन सांगनार?" दुपारभर टाकी उतरवून, उन्हात वाळवून, आतला गंज खडखडवून काढला. संध्याकाळी अक्कांना सोबत न्यायला आबा आले, तर मिस्त्रीनं सगळी हकिकत त्यांना हावभावांसह करून दाखवली. आबांची मिशी हलली. हसू दाबलं की राग, ते मला ठरवता आलं नाही. पहाटे ते एकटेच एसटीनं पुढं गेले.

सकाळी आम्ही निघालो. अक्का स्टिअरिंगच्या चाकावर, मी शेजारी, मिस्त्री मागच्या सामानाच्या खोबणीत, गुडघे कानांशी. कराड ओलांडलं आणि गाडीनं एक उचकी दिली. अक्कांनी गाडी कडेला घेतली. टाकीत कुठंतरी उरलेला थेंब असणार. मिस्त्रीनं वाटी उघडली, मणी झटकले, भोक फुंकलं. शेजारच्या गुऱ्हाळावरची माणसं पळत आली, ताजा गूळ आणि पाण्याची घागर घेऊन. अक्का टाकीपाशी गेल्या आणि झाकणावर पालथा हात ठेवून उभ्या राहिल्या. "आमास्नी द्या. हिला नगं. हिचा उपास हाय."

त्यानंतर गाडी जी निघाली ती वाऱ्यासारखी. उसाच्या गाड्यांवरचे लोक हात वर करत होते. अक्कांचे हात चाकावर गुंतलेले. "मास्तर, रामराम घ्या की," त्या म्हणाल्या, "शेजारी बसनाऱ्याचं काम असतंय त्ये." मी सांगलीपर्यंत रामराम घेत आलो.

लेकीच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा बारशाचा सगळा गोतावळा दारात आला. पायरीवर आबा काठी टेकून उभे. अक्कांनी गाडी बरोबर त्यांच्या पुढ्यात थांबवली, इंजिन बंद केलं नाही, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. तेवढ्यात लेक भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. आईवरून तुकडा ओवाळून टाकला आणि तांब्या घेऊन ती गाडीच्या मागं वळली. कशासाठी, देव जाणे; बहुधा चाकं धुवायला. पण आबांच्या हातातली काठी गळून पडली, दोन्ही हात पसरून ते पायऱ्या उतरत धावले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले,

"ए पोरी! तिला पानी पाजू नगंस! तुझ्या आईला तिच्यातनं साताऱ्याला माघारी जायचं हाय!"